सहा महिने नुसतं बसायचं

खो-खोच्या बारा मुलींना मी जीन्सच्या कापडाच्या पँटी शिवून दिल्या.

बी.पी.एड. होऊन मी बदलापूरच्या एका शाळेत नुकताच कंत्राटी शिक्षक म्हणून लागलो होतो. राहायला उल्हासनगरला. तिथे कॅम्प तीनमध्ये माझ्या एका सिंधी वर्गमित्राचा जीन्सचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दुकानावरचा माळा आणि त्यावर नऊ शिलाई मशिनं. संघाच्या मुलींना जुन्या, गुडघ्यावर फुगलेल्या ट्रॅक पँटींची लाज वाटत असणार, असं मला परस्परच वाटलं आणि मी त्याच्याकडे गेलो. त्याने कापडाचा गठ्ठा पुढे ओढला, दोन्ही हातांनी ताणून दाखवला आणि म्हणाला, "टेन्शन मत ले साईं, स्ट्रेच है. लडकी लोग उडेंगी."

उडण्याबद्दल तो खोटं बोलत नव्हता. पण खो-खोत उडण्याआधी बसावं लागतं. आठ जणी ओळीने उकिडव्या बसतात आणि मागून 'खो' मिळाला की उठून सुटतात. माझ्या पँटींना पाच खिसे होते, पितळी बटण होतं, मागे चामड्याचा बिल्ला होता. मुली बेहद्द खूश झाल्या. फक्त त्यांच्यातल्या एकीलाही बसता येईना.

खांबाजवळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून हे सगळं बघत होत्या त्या बाई. संघाच्या मुख्य मार्गदर्शक. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण मुली, मास्तर, शिपाई, फेरीवाले सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे.

"सर, तुमच्या मापाचीही एक शिवली असेल ना?" त्यांनी विचारलं.

शिवली होती.

"घालून या."

मी घालून आलो. "बसा आता," बाई म्हणाल्या. मी जेमतेम अर्ध्यापर्यंत गेलो असेन, तेवढ्यात पितळी बटण सुटलं आणि खांबावर टण्णकन वाजलं. बाईंनी ते उचललं, पदराला पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "कपड्यालाच बसता येत नाही," त्या म्हणाल्या, "मुलींनी कसं बसायचं?"

मुली पुढे दोन वर्षं त्या पँटी एकमेकींच्या वाढदिवसांना घालत होत्या. कापड वाया गेलं नाही, एवढंच माझ्या बाजूने बोलता येईल.

बाई तेव्हा निवृत्तीला आल्या होत्या. उंची इतकी बेताची, की आठवी-नववीच्या मुलींच्या घोळक्यात उभ्या राहिल्या तर साडीवरून ओळखाव्या लागत. सुती साडी, खाली कॅनव्हासचे पांढरे बूट आणि गळ्यात शिट्टी. ती शिट्टी मी एकदाही वाजलेली ऐकली नाही. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "शिट्टी पंचाची. आपण टाळ्या वाजवाव्यात." दोन टाळ्या वाजल्या की मैदानभर पांगलेल्या मुली गोळा होत. मी शिट्टी फुंकून दमायचो आणि माझ्याकडे एक कुत्रं यायचं.

मला हाक मारायच्या त्यांच्या दोन तऱ्हा होत्या. मुलींसमोर 'अहो सर'. मुली पांगल्या की 'अरे ए'. मुली कधी पांगतात याची मला धास्तीच असायची.

नवीन आलेल्या मुलीला बाई सहा महिने नुसतं बसवत. म्हणजे उकिडवं बसायचं, उठायचं. बसायचं, डावीकडे वळून उठायचं. डोळे मिटून बसायचं. हात मागे बांधून उठायचं. उरलेल्या वेळात मैदानातले खडे वेचायचे, तेही उकिडवं बसून, बदकासारखं पुढे सरकत. आमची शाळा होती त्या शिरगावात तेव्हा चहूकडे इमारती उठत होत्या, त्यामुळे आमच्या मैदानात खड्यांना तोटा नव्हता. मी नवा होतो, माझ्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतं आणि तोंडात मोठमोठे शब्द. मी म्हणालो, "बाई, या वयात मुलींमध्ये एक्स्प्लोझिव्ह पॉवर आणायला हवी."

"ती आणायची तर आत काहीतरी भरलेलं लागतं," बाई म्हणाल्या. "अजून आम्ही भरतोय. तुम्ही तो कोपरा घ्या, तिथे खडे जास्त आहेत."

घरचा अभ्यासही असे. दात घासताना एका पायावर उभं राहायचं. उजवीकडचे दात डाव्या पायावर, डावीकडचे उजव्या. एकदा एका मुलीची आई तक्रार घेऊन आली. "बाई, आमची ही बेसिनपुढे बगळ्यासारखी उभी असते, ते ठीक आहे. पण तिचं बघून धाकटाही करायला लागला. काल बादलीत पडला."

बाईंनी काळजीने विचारलं, "कुठल्या पायावर होता?"

"ते कोण बघतंय?"

"बघायला हवं. तो पाय कच्चा आहे. त्यालाही पाठवा उद्यापासून."

झोपेच्या बाबतीत बाई फार कावेबाज होत्या. रात्री साडेनऊला त्या कुठल्याही एका मुलीच्या आईच्या मोबाईलवर फोन लावायच्या. फोन आईने उचलला तर "सहज केला होता" म्हणून ठेवून द्यायच्या. मुलीने उचलला तर नुसतं "सापडलीस" म्हणायच्या आणि ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी ती मुलगी न सांगता खड्यांकडे जायची.

पण बाईंचं खरं वेड सोमवारचं होतं. सोमवारी त्या दोन संघ पाडायच्या आणि चांगल्या संघाचं मुद्दाम काहीतरी बिघडवायच्या. कधी त्यांच्यातल्या दोघी काढून घेत, कधी सगळ्यांत हळू मुलगी पहिली पळवत. चांगला संघ हरायलाच हवा. हरल्यावर प्रत्येकीने उभं राहून एक वाक्य बोलायचं, आणि ते 'मी'पासून सुरू झालं पाहिजे. 'मैदान ओलं होतं' चालत नसे. 'तिने खो उशिरा दिला' तर मुळीच नाही. "मी उठताना आधी तिच्याकडे बघितलं." "मी दमले होते पण बदली मागितली नाही." एवढंच बोलायचं आणि बसायचं. एका सोमवारी मी पंच होतो, तर बाईंनी मलाही उभं केलं. मी म्हणालो, "ऊन डोळ्यांवर येत होतं." बारा मुली एका सुरात म्हणाल्या, "मीऽऽ". मी पुन्हा सुरुवात केली, "मी उन्हाकडे तोंड करून उभा होतो." बाईंनी मान डोलावली. मला त्यात फारसा फरक दिसला नव्हता. तो दिसायला पुढचा हिवाळा यावा लागला.

खरी मॅच हरलो की मात्र सगळ्याला सुट्टी. दहा मिनिटं रडायची वेळ. बाई मनगटावर बघून म्हणायच्या, "करा सुरू. पोटभर रडा, कुणी कुणाची समजूत काढायची नाही." दहा मिनिटं झाली की केळी वाटायच्या, आणि त्यानंतर त्या मॅचबद्दल रडायला बंदी.

आणि अजून एक नियम. कुणाला काही दुखत असेल तर तिने सगळ्यांपुढे येऊन सांगायचं, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, हिचा वाढदिवस असेल. एक किडकिडीत पोरगी उभी होती, म्हणत होती, "बाई, घोटा दुखतोय," आणि संघ टाळ्या पिटत होता.

"दुखणं लपवायला काय लागतं?" बाई मला नंतर म्हणाल्या. "ते तर आपल्याकडे बायकांना कुणी शिकवावंही लागत नाही. सांगायला शिकवावं लागतं."

नयना बदलापूरजवळच्या चामटोली गावची. वडिलांची थोडी शेती आणि एमआयडीसीतल्या कंपनीत पाळीचं काम. घरात दोन बहिणी, ही मोठी, नववीत. आमच्या संघात पळणाऱ्या पुष्कळ होत्या, पण नयना खांबाला वळसा घालायची तेव्हा पकडणारीचा हात हवेतच राहायचा आणि त्या हाताची मालकीण नंतर बराच वेळ त्याच्याकडे बघत बसायची. तिला 'दुखतंय' म्हणायला बाईंनी दोन वर्षं शिकवलं होतं. पहिल्या वर्षी ती ठेचाळलेलं नख मोज्यात लपवून खेळली होती.

पालकसभेला नयनाचे वडील आले होते, कंपनीच्या गणवेशातच. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, पुढल्या साली पोरीची धावी हाय. या साली जिल्ह्याच्या टीममदी नाव आला तर खेळंल, नाय तर बंद. मी बाईंना पन सांगितलाय."

जिल्ह्याची निवड चाचणी अंबरनाथला होती, पाच आठवड्यांवर. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी नयना सगळ्यांपुढे येऊन म्हणाली, "बाई, नडगी दुखतेय."

टाळ्या झाल्या. बाईंनी तिला स्टुलावर बसवलं आणि अंगठ्याने नडगी चाचपली. "पसरून दुखतं, की एकाच जागी?"

"एकाच जागी. इथे."

बाईंचा अंगठा तिथेच थांबला. त्या दिवशी त्यांनी तिला अंबरनाथच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हाडावर ताण आलाय, सहा आठवडे पळायचं नाही. पळाली तर तडा जाईल, मग सहा महिने.

चाचणी पाच आठवड्यांवर, विश्रांती सहा आठवड्यांची. बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "यंदाची चाचणी गेली," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून नयनाला खांबाशेजारच्या स्टुलावर बसवलं. काम दिलं ते असं, की समोर खेळ चालू असताना पळणारी कुठल्या बाजूला वळणार ते आधीच मोठ्याने सांगायचं. ते झालं की चांगल्या पायावर, हात न टेकता, स्टुलावरून उठायचं आणि बसायचं. सावकाश. अगदी सावकाश.

मला ते बघवेना. एका पोरीचा खेळ कायमचा बंद होणार आणि बाई तिला स्टुलावरून उठवतायत. मी मोबाईलवर तिघा परदेशी तज्ज्ञांचे व्हिडिओ बघितले. तिघांचं म्हणणं वेगवेगळं होतं, मी त्यातलं मला हवं ते धरलं. शिरगावात माझी मावशी राहते. तिच्या सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर मी नयनाला शाळा सुटल्यावर बोलावू लागलो. रस्ता पेव्हर ब्लॉकचा. नडगीला पट्टी, पट्टीवर थंड फवारा, आणि पळ.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "सर, बाईंना सांगू?"

"निवड झाल्यावर सांगू," मी म्हणालो. "त्यांना सरप्राईज."

ती तीन आठवडे रोज संध्याकाळी पळत राहिली, आणि रोज सकाळी बाई "कसं आहे?" विचारत तेव्हा "बरं आहे" म्हणत राहिली.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीला मी तिचा एक व्हिडिओ काढला. कचऱ्याच्या डब्याला खांब समजून ती अशी वळली होती की मी स्वतःशीच हसलो. तो व्हिडिओ मला माझ्या कारखानदार मित्राला पाठवायचा होता, त्याला दाखवायला की बघ, आमच्या मुली तुझ्या कापडाशिवाय उडतात. मी तो पाठवला, आणि मग बघितलं की तो 'खो-खो मुली व पालक' या ग्रुपवर गेला होता.

माझी पाचावर धारण बसली. पण मी तंत्रज्ञान जाणणारा माणूस. मी त्यावर बोट दाबून धरलं, 'पुसा' निवडलं आणि व्हिडिओ डोळ्यांदेखत नाहीसा झाला. मी मावशीकडे दोन कप चहा घेतला आणि घरी जाऊन शांत झोपलो. मोबाईलमध्ये पुसायचे दोन प्रकार असतात, सगळ्यांसाठी आणि फक्त आपल्यापुरतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. बदलापुरातल्या सव्वीस मोबाईलांवर तो व्हिडिओ सुखरूप होता. नव्हता तो एकट्या माझ्याकडे.

सकाळी बाई स्टुलावर होत्या. नयनाला त्यांनी जवळ बोलावलं. "दुखतंय का गं?"

नयनाने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही, बाई."

बाईंनी अंगठा ठेवला. नयनाने ओठ घट्ट मिटले, पण डोळ्यांतून पाणी आलंच. बाईंनी अंगठा काढला, तिचा मोजा नीट वर ओढला आणि तिला वर्गात पाठवलं. बाकीच्या मुलीही न सांगता गेल्या. मुली पांगल्या होत्या.

"अरे ए," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "दोन वर्षं लागली मला तिला 'दुखतंय' म्हणायला शिकवायला. तू तीन आठवड्यांत विसरायला लावलंस. तुझं कोचिंग फास्ट आहे."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "इथे नको. चामटोलीला चल. तिच्या वडिलांना सांग."

शाळा सुटल्यावर आम्ही बाईंच्या स्कूटरवर निघालो. बाई पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर केळ्यांचा घड. बाई स्कूटर अशा वेगाने चालवायच्या की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला, पुढे टपरीवर थांबला, चहा प्याला आणि पुन्हा मागे टाकून गेला. प्रत्येक गतिरोधकाआधी त्या हॉर्न वाजवायच्या, जणू तो बाजूला सरेल. मला वाटत होतं, हा रस्ता असाच चालू राहावा.

नयनाचे वडील पहिली पाळी करून नुकतेच आले होते. मला बघून ते खाटेवरून उठले. "या सर, या. काय पलवली वो पोरीला. अख्ख्या लायनीला दाखवला मी व्हिडिओ. साहेब पन बोलला, कोनाची पोर?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"ते काय आहे," मी म्हणालो, "डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं की—"

"मी," बाई म्हणाल्या.

"मी तिचा पाय दुखत असताना तिला पळवलं. मी तिला सांगितलं, बाईंना सांगू नकोस."

दारात नयना उभी होती, तिच्यामागे आई. वडील पुन्हा खाटेवर बसले.

"म्हंजे पाय दुखतोय तिचा? अजून?"

"हो," बाई म्हणाल्या. "चाचणीला ती जाणार नाही."

"मग बंद," ते म्हणाले. "बोललो व्हतो मी. खेळ बंद."

बाई या क्षणाची तयारी करून आल्या होत्या, ते मला त्यांच्या बसण्यावरूनच कळलं. त्या जरा पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "मला सांगा, गोऱ्ह्याच्या मानेवर तुम्ही जू कधी ठेवता? वय भरल्यावरच ना?"

"बैल इकून बारा वर्सा झाली, बाई," ते म्हणाले. "टॅक्टर बोलवतो मी भाड्यानं."

बाईंना शब्द सुचेना असं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, ते हेच. त्यांनी "हं" केलं आणि चहाचा कप उचलला. प्रसंग कठीण होता, तरी मला आतून थोडं बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग नयना बोलली. दारातूनच, सोमवारी बोलायची तशी, हात बाजूला सोडून. "मी लपवलं, बाबा. मला दुखतंय. जिना चढतानाही दुखतंय. तुम्ही बंद कराल म्हणून मी लपवलं."

"मंग आता काय येगला करतोय मी?"

"म्हणजे मी सांगितलं तरी बंद, लपवलं तरी बंद," नयना म्हणाली. "मग सांगायचं कशाला कुणी?"

उत्तर आईकडे होतं, पण वेगळ्याच प्रश्नाचं. "बापावरच गेलीय," ती म्हणाली. "यांचा गुडघा दोन वर्सा झाली दुखतोय. सुपरवायझरला सांगत नाय, मला सांगत नाय. पायऱ्या उतरताना भिंत धरतात, आनि मी बघितला की बोलतात, भिंतीचा रंग बघतोय."

बाईंनी कप खाली ठेवला. त्यांच्या तोंडावर अशी टवटवी आली की जणू कुणी नवीन मुलगी संघात आली. "कुठला गुडघा? बघू."

"राहू द्या वो, बाई."

"बसा नीट."

ते बसले. पन्नाशीला आलेला तो माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, कानकोंडा होऊन बसला आणि बाई अंगठा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "हात छातीशी धरा. आता खाटेवरून उठा. हात न टेकता."

ते तीनदा उठले. चौथ्यांदा त्यांचा हात आपोआप खाटेच्या काठाकडे गेला.

"नयना, दाखव."

नयनाने चांगला पाय जमिनीवर रोवला, दुखरा पुढे उचलून धरला, खाटेच्या काठावर बसली आणि त्या एका पायावर उठली. घाई नाही, हेलकावा नाही. विहिरीतून भरली घागर वर यावी तशी वर आली. तशीच खाली बसली. पुन्हा उठली. तिच्या वडिलांचे ओठ हलत होते, ते मोजत होते. बारा झाल्यावर त्यांनी हाताने तिला थांबवलं.

"हे कवा शिकली?"

"पळायचं बंद होतं तेव्हा. स्टुलावर."

ते माझ्याकडे वळले. "सर, व्हिडिओत तर ही कचऱ्याच्या डब्याभवती पलत व्हती."

"ते मी शिकवलं," मी म्हणालो. त्या घरात 'मी'पासून सुरू होणारं वाक्य मला आता सुरळीत जमत होतं.

त्यांनी गुडघ्यावरची पँट खाली केली. "यंदा नाव नाय तर नाय," ते शेवटी म्हणाले. "पुढल्या साली बघू."

"पुढल्या साली धावी हाय," आई म्हणाली.

"सकालचा एक तास ग. बाकी दिस बसून अभ्यासच करायचाय. बसायची सवय हाय तिला." मग बाईंकडे बघून म्हणाले, "पन या सरांनी लांब ऱ्हायचा."

"लांब कशाला?" बाई म्हणाल्या. "यांचेही सहा महिने उद्यापासून सुरू करते."

त्यांनी शब्द पाळला. सहावीतल्या नव्या मुलींच्या ओळीत, डावीकडून तिसरा, मी सहा महिने उकिडवा बसलो. डोळे मिटून बसलो, डावीकडे वळून उठलो, बदकासारखा सरकत खडे वेचले. पहिला महिना मला शाळेचा जिना उलटा उतरावा लागला. दात घासताना एका पायावर उभा राहिलो तेव्हा घरच्यांनी विचारलं, नोकरी टिकेल ना रे? तिसऱ्या महिन्यात एक दिवस माझ्या लक्षात आलं, की मी उठताना खाली बघत नाही, समोर बघतो. मी हे आनंदाने बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे मुलींना पाचव्या आठवड्यात जमतं. पण ठीक आहे."

अंबरनाथला ज्या दिवशी चाचणी होती, त्या सकाळी नयना आमच्याच मैदानावर आली. संघातल्या दुसऱ्या दोघी चाचणीला गेल्या होत्या. बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि आपलं मनगट पुढे न करता मला म्हणाल्या, "सर, तुमचं घड्याळ लावा. दहा मिनिटं."

मी घड्याळ लावलं. नयना खांबाला टेकून रडली. मी आकड्यांकडे बघत उभा होतो. माझ्या त्या घड्याळाने पावलं मोजली होती, ठोके मोजले होते, पण मी घेतलेली वेळ ती एकच, जी मला अजून पाठ आहे. सात मिनिटं वीस सेकंद झाली तेव्हा तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "झालं, बाई." बाईंनी तिला केळं दिलं. एक मलाही दिलं.

उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्या भाषण करतील अशी सगळ्यांची अपेक्षा होती, पण त्यांनी उठून दोन टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि "आपापल्या खुर्च्या जागेवर ठेवून जा" एवढंच सांगितलं. संघ माझ्याकडे आला. नयना डॉक्टरांनी सांगितल्यावर पळू लागली, आधी मातीवर, आधी अर्धीच फेरी. मी तिला "अजून एक" असं एकदाही म्हणालो नाही. जीभ टाळूला लावून ठेवायचो.

पुढच्या वर्षीच्या चाचणीला मी बाईंना न्यायला त्यांच्या घरी गेलो, तर त्या येईनात. "मी पाया भरणारी," त्या म्हणाल्या. "वरचे मजले बघायला मी जात नाही. मान दुखते."

चाचणीला नयनाचे वडील आले होते, रजा काढून. मैदानाच्या कडेला माझ्यापासून बरंच अंतर ठेवून बसले. नयना पहिल्या डावात लवकर बाद झाली. ती बाहेर आली, पाणी प्यायली आणि मी विचारायच्या आत म्हणाली, "मी दुसऱ्या खांबाला आधी वळले." तेवढंच. दुसऱ्या डावात ती आत गेली ती वेळ संपेपर्यंत बाहेर आलीच नाही. तिघींचे हात हवेत राहिले.

संध्याकाळी यादी लागली. तिचं नाव खालून दुसरं होतं, पण होतं. वडिलांनी ते बोटाने दोनदा वाचलं आणि मग गुडघा न धरता मैदानाच्या सगळ्या पायऱ्या उतरून तिच्याकडे गेले. मी बाजूला होऊन बाईंना फोन लावला.

"बाई, नयनाचं नाव आलं."

"पाय?"

"पाय ठणठणीत. बाई, नाव आलं म्हणतोय मी."

"ऐकलं. जेवली का ती?"

"अजून नाही. आत्ताच यादी—"

"तिला दे फोन."

मी फोन नयनाला दिला. ती ऐकत राहिली. मध्येच तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर हात धरला. मग "हो बाई, हो बाई, नक्की" म्हणाली आणि फोन मला परत दिला. पलीकडून तो केव्हाच ठेवला होता.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काही नाही, सर."

"अगं सांग ना."

तिने एकदा वडिलांकडे बघितलं, मग सरळ उभी राहिली. "म्हणाल्या, जिल्ह्याच्या संघात नवीन कोच असतील. काही दुखलं तर त्यांना लगेच सांगायचं. आणि ते आपल्या सरांसारखे निघाले, तर बॅग उचलून तडक घरी यायचं."